दावा फेटाळला, अपील करायचंय. मधल्या काळात जागा राखायची कशी?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. कायद्यातल्या जाणकारांनी कृपया वेळ काढून उत्तर द्या, घरात सगळेच काळजीत आहेत.

धायरीच्या पुढे आमची वडिलोपार्जित जागा आहे. जागेला लागून एक पट्टा आहे. आजोबांपासून आमचा जाण्यायेण्याचा रस्ता तोच, विहिरीची पाइपलाइनही त्यातूनच येते. शेजारची जमीन ज्यांनी विकत घेतली त्यांचं म्हणणं पट्टा त्यांच्या मोजणीत येतो. वडिलांनी हक्क ठरवून मागण्याचा आणि कायम मनाई हुकूमाचा दावा लावला. दावा चालू असेपर्यंत निशाणी ५ वर तात्पुरती मनाई होती, त्यामुळे कोणी हात लावला नाही. आता दावा फेटाळला गेलाय आणि लगेच समोरच्यांनी पट्ट्यावर चुना टाकून आखणी केली. जेसीबी कधीही येईल.

आमचे वकील म्हणतात, अपील करू, स्टे मिळेल. मावसभावाच्या ओळखीचे दुसरे वकील म्हणतात, फेटाळलेल्या दाव्याला स्टे कसला, स्टे देण्यासारखं त्यात आहे काय? दोघेही अनुभवी. मग खरं काय? आणि अपील दाखल होऊन सुनावणीला येईपर्यंत भिंत उभी राहिली तर ते अपील जिंकून करायचं काय? कोर्टाला स्वतःच्या अंगभूत अधिकारात काही करता येतं का?

मुळाकाठ

दादा, मी जिल्हा न्यायालयात दिवाणी कामं करते. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, म्हणून फक्त कायद्याची बाजू सांगते.

दुसऱ्या वकिलांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते अर्धंच सांगून थांबले. हुकूमनामा जेव्हा कोणाला काही करायला लावतो, म्हणजे पैसे द्या, ताबा द्या, बांधकाम पाडा, तेव्हा त्याची अंमलबजावणी थांबवता येते. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मधला आदेश ४१ नियम ५ आहे. तिथे पहिलीच गोष्ट स्पष्ट लिहिली आहे की नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनामा थांबत नाही. स्टे वेगळा मागावा लागतो. मोठं नुकसान होईल हे दाखवावं लागतं, अर्ज विनाकारण उशिरा केलेला नसावा लागतो आणि तारण द्यावं लागतं.

तुमचा दावा मात्र फेटाळला आहे. त्या हुकूमनाम्याने समोरच्यांना काही मिळालं नाही, फार तर दाव्याचा खर्च. तेव्हा त्याची अंमलबजावणी थांबवून तुमच्या पट्ट्याला काडीचंही संरक्षण मिळत नाही. निशाणी ५ चा मनाई हुकूम दाव्याच्या पोटातला होता, दावा संपला तसा तोही संपला. निकालाला स्थगिती मिळाली म्हणून तो आपोआप जिवंत होत नाही. अपिलाच्या मेमोत नुसतं ‘निकालास स्थगिती द्यावी’ असं लिहून स्वस्थ बसलेले पक्षकार मी पाहिले आहेत. पुढे जागेवर काम सुरू झालं की पोलीस विचारतात, ऑर्डर कुठे आहे? आणि हातात काहीच नसतं.

तुम्हाला हवा आहे नवा तात्पुरता मनाई हुकूम, अपील कोर्टाकडून. कलम १०७(२) मुळे अपील कोर्टाला मूळ कोर्टासारखेच अधिकार आहेत, म्हणून आदेश ३९ नियम १ आणि २ चा अर्ज अपिलातही चालतो. सोबत अंगभूत अधिकारांचं कलम १५१ लावतात. अपिलाबरोबर त्याच दिवशी हा स्वतंत्र अर्ज आणि त्याचं शपथपत्र गेलं पाहिजे.

निशाणी_पाच

मुळाकाठ ताईंच्या प्रतिसादाला जोडून. वकिलीत नवीन आहे, पण हा विषय मनापासून वाचलाय.

कलम १५१ कोर्टाला नवा अधिकार देत नाही. न्याय करण्यासाठी आणि प्रक्रियेचा गैरवापर रोखण्यासाठी कोर्टाकडे जे अधिकार मुळातच असतात, त्यांना या संहितेने बाध येत नाही, एवढंच ते सांगतं. सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ चा मनोहरलाल चोप्रा विरुद्ध सेठ हिरालाल हा निकाल याचा पाया आहे. आसनसोल आणि इंदूर अशा दोन कोर्टांत दावे होते, आणि इंदूरच्या कोर्टाने समोरच्याला आसनसोलचा दावा चालवायला मनाई केली होती. बहुमताने ठरलं की आदेश ३९ मध्ये न बसणाऱ्या परिस्थितीतही कोर्ट अंगभूत अधिकारात मनाई देऊ शकतं. न्या. शाह यांचं मत वेगळं होतं.

मला त्या निकालातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अधिकार आहे असं सांगून त्याच निकालात तो मनाई हुकूम रद्द केला, कारण त्या प्रकरणात तो वापरायला नको होता. म्हणून ‘१५१ आहे ना’ एवढ्यावर कोणी विसंबू नये. त्याच्या आदल्या वर्षीच पदम सेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की वादीच्या हिशेबाच्या वह्या जप्त करायला १५१ खाली कमिशनर नेमता येत नाही. हे अधिकार प्रक्रियेपुरते आहेत, पक्षकाराच्या मूळ हक्कांवर हात टाकायला नाहीत.

सिंहगडरोडकर

खूप आभार दोघांचे. आता एकच विचारतो. निकालाची नक्कल अजून हातात नाही. नक्कल मिळणार, मग अपील तयार होणार, मग तारीख. तोवर जेसीबी आला तर?

मुळाकाठ

पक्षकार सगळ्यात जास्त हरतात ते याच फटीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

निकाल वाचून दाखवला जातो त्याच क्षणी, त्याच कोर्टात उभं राहून तोंडी सांगायचं आणि लगोलग लेखी अर्ज द्यायचा: आम्हाला अपील करायचं आहे, चालू मनाई अपिलाच्या मुदतीपर्यंत पुढे ठेवा. प्रतिवादी हरला असता तर हे सोपं होतं. आदेश ४१ नियम ५(२) सांगतो की ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला तेच कोर्ट अपिलाची मुदत संपण्याआधी अंमलबजावणी थांबवू शकतं. दावा फेटाळल्यावर तो नियम शब्दशः लागत नाही, मग उरतं १५१. इथे सगळे न्यायाधीश एकसारखे वागत नाहीत. काही जण दोन-चार आठवडे मनाई पुढे ठेवतात, काही जण म्हणतात निकाल दिला, आता माझ्याकडे काही उरलं नाही. मुंबई हायकोर्टात मात्र सर्वोच्च न्यायालयात जायला वेळ मिळावा म्हणून चालू अंतरिम आदेश काही आठवडे पुढे ठेवण्याची पद्धत रुळलेली आहे.

माझं मत विचाराल तर खालच्या कोर्टांनीही योग्य प्रकरणात हे द्यावं. इतकी वर्षं ज्या कोर्टाने जागा जशीच्या तशी राखली, त्याने अपिलाच्या दारापर्यंत पोहोचायला थोडे दिवस आणखी राखली तर समोरच्याचं फार बिघडत नाही. जागेवर भिंत उभी राहिली तर मात्र अपील कोर्टाच्या हातात निवडीला जागाच राहत नाही.

नकलेसाठी थांबू नका. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, हायकोर्टात असेल तर ९० दिवस. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळायला लागलेला वेळ यातून वगळतात, पण त्या सवलतीने जेसीबी थांबत नाही. आदेश २० नियम ६-अ प्रमाणे हुकूमनाम्याची नक्कल नसली तरी निकालपत्राच्या नकलेवर अपील दाखल होतं. निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल तातडीच्या अर्जाने काढा. तीही वेळेत मिळत नसेल तर संकेतस्थळावरची प्रत जोडून तूर्त सूट मागणारा अर्ज द्या आणि तातडीच्या सुनावणीसाठी मेन्शन करा. सुट्टी लागली असली तरी सुट्टीतले न्यायाधीश तातडीची कामं ऐकतात.

आणि समोरच्यांनी कॅव्हेट टाकलंय का ते आजच पाहा. कलम १४८-अ प्रमाणे कॅव्हेट ९० दिवस चालतं. ते असेल तर त्यांना ऐकल्याशिवाय तुमच्या अर्जावर आदेश होणार नाही. तेव्हा त्यांच्या वकिलांना प्रती आधीच देऊन टाका, म्हणजे ‘आम्हाला प्रत मिळाली नाही’ म्हणून तारीख जाणार नाही.

जुना_नाझर

नोकरीभर कोर्टाच्या नाझर शाखेत होतो. बेलीफ वॉरंट घेऊन गेले की मागून काय काय होतं ते जवळून पाहिलंय.

वरच्या कोर्टाने स्टे दिला आणि खालच्या दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टाला पत्ताच नाही, असं पूर्वी नेहमी व्हायचं. इकडे बेलीफ कुलूप तोडून ताबा देऊन मोकळा. बायकामुलं सामानासकट रस्त्यावर, आणि संध्याकाळी वकील कागद घेऊन धावत येतोय. आता आदेश संकेतस्थळावर चढतो, तरी तेवढ्यावर राहू नका. आदेश ४१ नियम ५ खालचं स्पष्टीकरण वाचा. स्थगिती खालच्या कोर्टाला कळल्यापासून लागू होते. पण अपीलकर्त्याने स्वतःच्या माहितीवर शपथपत्र केलं की स्थगिती मिळाली आहे, तर आदेश येईपर्यंत खालच्या कोर्टाने त्या शपथपत्रावर वागायचं आहे. हे किती पक्षकारांना माहीत असतं? साहेबांपुढे शपथपत्र ठेवा, एक प्रत नाझराला द्या, एक बेलिफाच्या हातात द्या.

आणि मधल्या वेळात ताबा गेलाच, तरी हातपाय गाळू नका. मुळराज विरुद्ध मूर्ती रघुनाथजी महाराज हा १९६७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. स्टेची माहिती नसताना दरखास्त कोर्टाने केलेली कारवाई मुळातच बेकायदा ठरत नाही, पण माहिती मिळाल्यावर तेच कोर्ट कलम १५१ मध्ये ती मागे फिरवू शकतं. मात्र लगेच गेलं पाहिजे.

सदाशिव_पेठ

सगळं वाचलं. आता दुसऱ्या बाजूचंही कोणीतरी ऐका. आमचा जुना वाडा. भाडेकरूविरुद्ध लघुवाद न्यायालयात आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, साक्षी दिल्या, सासऱ्यांचं आयुष्य त्यात गेलं. ताब्याचा हुकूमनामा मिळाला. महिन्याच्या आत जिल्हा न्यायालयात अपील, आणि अपिलात स्टे. भाडं तेच, आजच्या काळात एक वेळचा भाजीपाला येणार नाही एवढं. छत गळतं, दुरुस्ती आमच्या माथी. कोर्टाच्या अंगभूत अधिकारांचं कौतुक चाललंय, पण आमच्यासारख्यांना ते अधिकार कधी उपयोगी पडतात?

मुळाकाठ

ताई, तुमचा प्रश्न धाग्याच्या विषयातलाच आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या बाजूचं आहे.

स्टे देणं कोर्टाच्या विवेकावर आहे, म्हणून तो अटींवर देता येतो. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या प्रकरणात डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नीट मांडलं. दिल्लीत कनॉट सर्कसची जागा, भाडं महिना ३७१ रुपये ९० पैसे. हुकूमनामा झाल्यावर अपिलात स्टे देताना ट्रिब्युनलने महिना १५,००० रुपये भरण्याची अट घातली. दिल्ली हायकोर्टाने ती काढली, सर्वोच्च न्यायालयाने परत घातली. म्हणणं असं की ताब्याचा हुकूमनामा झाल्यापासून भाडेकरू जागा वापरतो ती जुन्या भाड्यावर नाही. मालकाला जागा दुसऱ्याला देऊन जे मिळालं असतं, त्या दराची वाजवी भरपाई त्याने द्यावी.

आपल्याकडच्या भाडे कायद्यालाही हे लागू आहे. २००९ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध सुपर मॅक्स इंटरनॅशनल प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आत्माराम प्रॉपर्टीजवर शिक्कामोर्तब केलं, आणि तिथे भाडेकरू खुद्द राज्य सरकार होतं. पीठाने मर्यादाही घातल्या. रक्कम अवाजवी, मनाला येईल तशी किंवा शिक्षा केल्यासारखी नसावी. जुन्या भाड्याच्या वरची रक्कम सहसा अपील चालू असताना मालकाच्या हातात न देता कोर्टात जमा ठेवावी आणि अंतिम निकालाप्रमाणे व्याजासह द्यावी.

तेव्हा अपिलात हजर होऊन अंतरिम भरपाईचा अर्ज द्या. आसपासच्या जागांचे आजचे लीव्ह अँड लायसन्सचे नोंदणीकृत करार दोन-तीन जोडा, सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल जोडा. आधीच स्टे झाला असेल तरी अट घालून मागता येते. रक्कम भरली नाही तर स्टे उठवण्याचा अर्ज करता येतो. अट लागली की तारखा मागण्याची घाई बऱ्याचदा कमी होते, हे मी समोर पाहिलेलं आहे.

सदाशिव_पेठ

हे आम्हाला आजवर कोणी सांगितलंच नाही. उद्याच वकिलांना विचारते. मनापासून आभार.

औंधकर

अवांतर होईल थोडं. आमच्या फ्लॅटच्या तक्रारीत महारेराने बिल्डरला व्याजासह पैसे परत करायला सांगितलं. तो अपिलात गेला तर त्यालाही असाच स्टे मिळेल?

निशाणी_पाच

तिथे बिल्डरला आधी पैसे भरल्याशिवाय अपील पुढेच नेता येत नाही. रेरा कायद्याच्या कलम ४३(५) प्रमाणे ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम, व्याज आणि नुकसानभरपाई धरून, ट्रिब्युनलकडे आधी भरावी लागते. फक्त दंडाचा आदेश असेल तर किमान ३० टक्के. ही अट सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात नोव्हेंबर २०२१ मध्ये कायम ठेवली. म्हणजे तुमचे पैसे निदान सुरक्षित जागी पडून असतात.

याच निमित्ताने, ट्रिब्युनल म्हणजे पूर्ण अर्थाने कोर्ट नाही, मग त्याला स्टेचा अधिकार कुठून, असा प्रश्न पूर्वी आला होता. इन्कम टॅक्स ऑफिसर विरुद्ध मोहम्मद कुन्ही या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याला अपील ऐकण्याचा अधिकार दिला, त्याला ते अपील फुकट जाऊ नये म्हणून वसुली थांबवण्याचा अधिकारही त्यातच आला, कायद्यात वेगळं लिहिलेलं नसलं तरी. हा सगळा धागा त्या एका मुद्द्यावर उभा आहे असं मला वाटतं. फौजदारीत मात्र रचना वेगळी. तिथे असे अंगभूत अधिकार संहितेने फक्त हायकोर्टाचेच राखून ठेवलेत, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८. अपिलात शिक्षा थांबवायला सत्र न्यायालय वेगळ्या, स्पष्ट कलमाखाली जातं.

कोथरूड_डेपो

आमच्या काकांवर पैशांचा हुकूमनामा झालाय. अपिलाला बरेच महिने उशीर झाला, विलंबमाफीचा अर्ज केलाय. दरखास्तीत बँक खातं जप्त होईल अशी भीती आहे. १५१ मध्ये स्टे मागू का?

मुळाकाठ

इथे १५१ चालणार नाही. आदेश ४१ नियम ३-अ(३) सांगतो की विलंबाचा प्रश्न सुटून अपील ऐकायचं ठरल्याशिवाय अंमलबजावणीला स्थगिती देऊ नये. कायद्यात जिथे स्पष्ट मनाई आहे तिथे अंगभूत अधिकाराने मागच्या दाराने जाता येत नाही. विलंबमाफीचाच अर्ज लवकर ऐकायची विनंती करा. शिवाय हुकूमनामा पैशांचा आहे, म्हणजे रक्कम जमा करणं किंवा तारण देणं हे नियम १(३) आणि ५(५) मध्ये आहेच. काकांना सांगा, पैशांची तजवीज आत्तापासून करा.

वाचक_हडपसर

सहा महिन्यांनी स्टे आपोआप उठतो ना?

निशाणी_पाच

२०१८ च्या एशियन रिसरफेसिंग निकालामुळे तसा समज पसरला होता. २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अलाहाबाद हायकोर्ट बार असोसिएशनच्या प्रकरणात तो रद्द केला. आता निव्वळ काळ गेला म्हणून स्टे उठत नाही. पण आदेशातच ‘पुढील तारखेपर्यंत’ लिहिलं असेल तर प्रत्येक तारखेला तो वाढवून घ्यावा लागतो. यात फार लोक फसतात.

सिंहगडरोडकर

मंडळी, अपील दाखल झालं. समोरच्यांचं कॅव्हेट होतंच, दोन्ही बाजू ऐकल्या आणि पुढच्या तारखेपर्यंत ‘जैसे थे’ दिलं. घरात आज सगळे नीट जेवले. मुळाकाठ ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आदेश ३९ चा वेगळा अर्ज होता म्हणूनच झालं, असं वकीलही म्हणाले. अर्ज नामंजूर झाला असता तर कोल्हापूरला जावं लागलं असतं का?

मुळाकाठ

फार बरं वाटलं वाचून. कोल्हापूरला नाही. ऑगस्ट २०२५ पासून तिथे सर्किट बेंच आहे, पण ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं. पुण्याची कामं मुंबईलाच जातात.

जुना_नाझर

सिंहगडरोडकर, अभिनंदन, पण अजून एक काम बाकी आहे. ‘जैसे थे’ म्हणजे कसं ते आदेशात लिहिलंय का? नसेल तर उद्या ते म्हणतील पट्टा आमच्याच ताब्यात होता, तुम्ही म्हणाल आमच्या. दोघंही ‘जैसे थे’चा कागद नाचवतील आणि पोलीस दोघांना कोर्टाचा रस्ता दाखवतील. पट्ट्याचे, पाइपलाइनचे, चुन्याच्या आखणीचे फोटो तारखेसह काढून ठेवा. आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून जागेची स्थिती नोंदवून घेण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या.

मुळाकाठ

नाझर काकांशी पूर्ण सहमत. त्या अर्जात मोजणी मागू नका, तो वाद अपिलात आहे. सध्या काय दिसतंय एवढंच नोंदवायचं: रस्ता वापरात आहे का, पाइप कुठून जातो, भिंत नाही. तो अहवाल हातात असेल तर कोणी आदेश मोडल्यावर आदेश ३९ नियम २-अ चा अर्ज टिकतो, त्यात मालमत्ता जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. आदेशाची सही-शिक्क्याची प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. आणि पुढच्या तारखेला कोर्टात कोणीतरी घरचं माणूस हजर ठेवा, वाढीव मुदतीचा अर्ज आधीच टाइप करून.